आईच्या जेवणाचा तक्ता

चि. धाकट्यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

केर काढून, पाणी भरून झालं की आई आपल्याला भरवायची. शेवटचा घास गिळेपर्यंत हलायची नाही. परवा वृद्धाश्रमात तेच आठवलं. जागा स्वच्छ आहे, माणसं गोड बोलतात. पण सकाळी अकरालाच तिच्या त्या दिवसाच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं, 'रात्रीचं जेवण पूर्ण घेतलं.'

परिचारिका म्हणाली, "मावशी, सगळ्यांचे तक्ते सकाळीच भरतो. संध्याकाळी वेळ कुठे असतो?"

आईचा दंड माझ्या मुठीत मावला. "तू जेवलीस का गं?" तिनं मलाच विचारलं.

हे गेल्यावर माझ्याच्यानं होईना, म्हणून ती जागा मीच निवडली होती रे.

पोरं बरी आहेत ना? तू काळजी करू नकोस. काल सकाळी मी आईला घरी घेऊन आले.

तुझी ताई