थंडीच्या आधी पिकणारा

अट-बाशी, ६ मार्च २००४

ती. कानिशाय आत्यास,
बुरुलचा सलाम वि. वि.

तुझी बियांची पुडी मिळाली. उझगेनच्या गुलाबी टोमॅटोचं कौतुक मला नव्यानं काय सांगतेस? लहानपणी त्याचा रस कोपरापर्यंत ओघळलाय माझ्या. पण रागावू नकोस, मी तो लावणार नाही. त्याला तुमचा लांबलचक उन्हाळा लागतो. इथे डोंगरात जूनपर्यंत पहाटे पाणी गोठतं आणि ऑगस्ट सरायच्या आत पुन्हा हिव पडतं. मला बुटका, झटपट पिकणारा हवा. फळ लहान असलं तरी चालेल. तुमच्या बाजारातल्या बीवाल्याकडून आणून पाठव.

ही हौस नाही, आत्या. टिलेकनं परसात प्लास्टिकचं छप्पर उभारलंय. यंदा त्यात पिकलं नाही, तर हा पुन्हा मॉस्कोला बांधकामावर जाणार. मागे परतला तेव्हा आमची छोटी आयदाय बापाला पाहून माझ्यामागे लपली होती. सासूबाई म्हणतात, घोडे राखणाऱ्यांनी टोमॅटो लावणं म्हणजे शेळीला खोगीर.

लोभ आहेच, तो रागातही राहू दे.
तुझी बुरुल

उझगेन, १७ मार्च

चि. बुरुल हीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी चहाचा पेला आपटला, मग पुन्हा वाचलं. बुटका टोमॅटो म्हणजे टोमॅटो की बोर? तरी गेले बाजारात. बीवाला मेला म्हणतो कसा, की डोंगरातल्यांना हाच द्यावा, भाची हुशार आहे. पाठवतेय. पण निम्म्या जागेत तरी माझा गुलाबी लाव, म्हातारीचा मान म्हणून. जावईबापूंना सांग, पाणी मुळाशी घाला, पानांवर नको. नातीला पापा.

माया कमी झालेली नाही, एवढं समज.
तुझी आत्या

अट-बाशी, ११ एप्रिल

ती. आत्यास सलाम वि. वि.

तुझा मान मनात आहे, वाफ्यात नाही. निम्मी जागा म्हणजे आमचं निम्मं वर्ष. सगळीकडे बुटकीच रोपं लावणार. तुझी गुलाबीची पुडी आमच्या शेजाऱ्यानं, बाकीतनं, मागून नेली. मी बजावलं, की हे इथे पिकायचं नाही. त्यावर हसून म्हणाला, की वहिनी, बोरं विकायला बसाल तेव्हा मला हाक मारा.

शिव्या दे, पण पत्र पाठव.
तुझीच बुरुल

अट-बाशी, २८ ऑगस्ट

ती. आत्यास सलाम वि. वि.

परवा पहाटे हिव पडलं. बाकीतच्या वेली काळ्या पडल्या, फळं मुठीएवढी पण हिरवीगार. मला हसू आलं नाही. त्याची बायको आणि मी बसून सगळी लोणच्यात घातली.

आमचे जुलैअखेरपासून लाल होत होते. सासूबाई स्वतः रस्त्याकडेला स्टूल टाकून बसल्या आणि प्रत्येक गाडीवाल्याला सांगू लागल्या, की कल्पना माझीच. मीही सुनेसारखी मान हलवली. हिवाआधीच शेवटची टोपली गेली. चवीला तुझ्या गुलाबीच्या पासंगालाही पुरणार नाहीत, हे कबूल.

काल मॉस्कोचा मुकादम दाराशी आला. टिलेक दुसऱ्या छपराच्या वाशावर चढला होता, आयदाय खालून खिळे देत होती. तो खाली उतरलाच नाही. वरूनच सांगितलं, की यंदा मला वेळ नाही, आणि लेकीपुढे हात पसरून पुढचा खिळा मागितला.

तुझी माया अशीच भांडत राहो.
तुझी बुरुल