हमामातली मानाची जागा

२१ डिसेंबर

चिल्ले कलान लागला. चाळीस दिवस कडाक्याचे! नळ आजच गोठला. हमाम पेटवला; आता हिवाळाभर सगळे याच खोलीत. फरशीखालच्या भट्टीत सफरचंदाची लाकडं घातली, खोलीने ऊब धरली. भट्टीच्या टोकाला आई. मानाची जागा, घरातल्या सर्वांत थोराची. मधे मी. दाराकडे हफीजा, कारण ती सून. साठी ओलांडली तरी सून ती सूनच.

२३ डिसेंबर

हफीजाचे गुडघे आखडले. सकाळी म्हणाली, "दाराकडची फरशी तापली नाही तर मी जम्मूला भावाकडे चालले. बर्फ वितळलं की येईन."

नुसती बोलणारी बाई नाही ती. एकदा गेली होती, तेव्हा दोन महिने मी नुसती सुकवलेली वांगी खाल्ली.

म्हटलं, "आईशी जागा बदल."

"आणि त्यांना दाराशी बसवू? गल्ली तोंडात शेण घालेल माझ्या!"

बरोबर आहे. म्हणजे दाराकडचं टोक तापवणं आलं.

२४ डिसेंबर

शाबान गवंडी येऊन गेला. "ओली लाकडं जाळता आणि हमामाला शिव्या देता, मास्टरजी?" धुराड्यातून दोन टोपल्या काजळी काढली. म्हणाला, भट्टीतली राख रोज काढा, आणि निखारे शेजारपाजारच्या कांगड्यांत, अंगाशी धरायच्या त्या शेगड्यांत, वाटू नका— फरशीला काय उरणार? तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हे एकाही पुस्तकात नव्हतं.

२७ डिसेंबर

निखारे बंद, म्हणून शेजारणी रागावल्या आहेत. दाराकडे किंचित फरक. हफीजाने पिशवी भरून कोपऱ्यात ठेवली आहे. मला दिसेल अशी.

आईने बसायला आणखी एक गादी मागितली. तिसरी. म्हातारी हाडं! दिली.

३० डिसेंबर

आई पुन्हा खिडकीशी जाऊन बसलेली. "बर्फ बघते." ऐंशी वर्षं बघते आहे! हात धरून जागेवर आणून बसवली. अंगात लोकरीचा फेरन नव्हता. चिल्ले कलानात, फेरनशिवाय!

"वय झालं त्यांचं," हफीजा हळूच म्हणाली.

२ जानेवारी

रोज दोन ओंडके जास्त घालतो आहे. आज दाराशी अनवाणी उभा राहिलो— कोमट! हफीजाने पिशवीतून एक स्वेटर परत काढला. चांगलं लक्षण.

आई जेवत नाही. मिठाचा चहाही नको म्हणते. फक्त गार पाणी. काळजी वाटते.

५ जानेवारी

दुपारी जळका वास. भट्टी पाहिली, ठीक. मग आईला उठवून गाद्या उचलल्या. सर्वांत खालची तव्यावर विसरलेल्या रोटीसारखी झाली होती.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? तुझी आजी गेली आणि तुम्ही मला इथे आणून भाजायला ठेवलंत! पंचवीस वर्षं झाली."

"मग सांगायचं नाही का?"

"मानाची जागा दिल्यावर 'गरम लागतं' म्हणायचं? तुझी आजीसुद्धा इथे पाय वर धरून बसायची. मला वाटायचं, दिमाख!"

हफीजाला हसू आवरेना. मला लाज वाटली. पंचवीस वर्षं आईच्या पायाखाली जाळ घालत होतो आणि वर सेवा करतो म्हणून खूष होतो.

६ जानेवारी

अदलाबदल. हफीजा नाहीच म्हणत होती. आई ओरडली, "बस मुकाट्याने! माझी जागा आहे, मी देते आहे!" बसली. संध्याकाळपर्यंत तिचे गुडघे मोकळे झाले. पिशवी रिकामी केली.

आई दाराशी, दोन वाट्या भात खाऊन घोरते आहे.

१२ जानेवारी

रात्रीतून गुडघाभर बर्फ. दाराशी आई गारठू नये म्हणून आजपासून चार ओंडके जास्त.

हफीजा पाय वर धरून बसली आहे. विचारलं, गरम लागतं का?

"छे! छान आहे. फक्त एक गादी द्या आणखी."