निसटलेली चप्पल

ताई,

जिथे असशील तिथे सुखात राहा.

जुलाब थांबतात न थांबतात तोच माझ्या धाकट्या लेकीच्या पायातून चप्पल निसटली आणि तिला कळलंही नाही. मला तूच दिसलीस; तुझीही चप्पल अशीच नकळत निसटायची. तिला तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "जंतूंशी लढणारी शक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटली आहे. काहींच्या रक्तात तसा कल असू शकतो. घरात आधी कुणाला?"

आमचे हे म्हणाले, "छे!"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीला. ती जाईपर्यंत सगळे म्हणायचे, नाटकं करते."

उपचारांनंतर काल धाकटी भिंत धरून चालली. मागे चप्पल वाजली नि माझ्या तोंडून निघालं, "ताई?"

"अगं आई, मी धाकटी!"

देवा, तिला धाकटीच राहू दे.

तुझी चप्पल अजून न टाकलेली,
चिमी