हिरव्या डब्यातलं मलम

८ डिसेंबर

प्रिय नेल्स,

पाकीट बघून घाबरू नकोस, मी बरी आहे. नापासही झालेले नाही, म्हणजे निदान अजून तसं कोणी सांगितलेलं नाही. फोनच केला असता, पण तुझं फोनवरचं बोलणं मला पाठ आहे. "हं. हं. बरं. ठेव आता, गाई ओरडतायत." आणि मीही फोनवर खिदळते, आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. तुझ्या खांद्यामागच्या त्या काळ्या डागाला हिरव्या डब्यातलं मलम लावणं आजपासून बंद कर. का ते पुढे येईल. मला काहीच क्रमानं सांगता येत नाहीये, डोक्यात सगळा गुंता झालाय, तेव्हा मोठा भाऊ म्हणून चिडू नकोस आणि मध्येच सोडून उठू नकोस. दुधाची टाकी धुवायला लाव आणि बादलीवर बसून सगळं वाच.

इथलं सांगायचं तर, मला इथलं काहीएक कळत नाही. पहिल्या रसायनाच्या परीक्षेत मला शंभरात एक्केचाळीस मिळाले. मी जिन्यात बसून रडले, आईला कसं सांगायचं म्हणून. तर सर म्हणाले, वर्गाची सरासरी छत्तीस आहे, तुझं चांगलं चाललंय. दुसऱ्या परीक्षेत अठ्ठ्याहत्तर पडले. मी उड्या मारत खोलीवर आले, तर माझी खोलीतली मैत्रीण इमानी माझ्याकडे बघतच राहिली. "अगं बये, सरासरी सत्त्याऐंशी आहे. तू बुडालीस." म्हणजे एक्केचाळीस चांगले आणि अठ्ठ्याहत्तर वाईट. आपल्याकडे गाईनं वीस लिटर दूध दिलं तर ते वीसच लिटर असतं रे, शेजाऱ्याच्या गाईनं किती दिलं यावर ते कमीजास्त होत नाही. इथं होतं.

ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा वसतिगृहात आमच्या मजल्यावर एकवीसजणी डॉक्टर होणार होत्या. ओळख करून देतानाच तसं सांगायच्या: नाव, गाव आणि "मी डॉक्टर". आता नऊ उरल्यात. एकीनं इतिहास घेतला, एक घरी गेली, बाकीच्या जेवायला बसल्या की विषय बदलतात. इमानी मिलवॉकीची आहे, तिची आई शहराची बस चालवते, आणि ती मला रोज विचारते, "काय, अजून आहेस का?" मी म्हणते आहे. पण आहे म्हणजे नक्की काय, ते मला माहीत नाही. मार्गदर्शक बाईंनी आठ मिनिटांची वेळ दिली होती, त्यात त्यांनी विचारलं, "तुला डॉक्टर का व्हायचंय?" इतर सगळ्यांना याचं उत्तर येतं. कुणाची आजी गेलेली असते, कुणी लहानपणी आजारी असतं. मी म्हटलं, आमच्या गावात डॉक्टर नाही. त्या म्हणाल्या, "हे गावाचं कारण झालं. तुझं काय?" तिथंच आठ मिनिटं संपली.

तुला आठवतं ना, मी निघाले तेव्हा चर्चच्या तळघरात केवढा थाट केला होता सगळ्यांनी? केकवर लाल फुली काढलेली, आणि डॅग्नी ओल्स्टाड म्हातारीनं सगळ्यांच्या वतीनं स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात घातला. ब्याऐंशी वर्षांची बाई, उभं राहायला दोघांचा आधार लागतो, पण स्टेथोस्कोप मात्र स्वतःच घालणार म्हणून हटून बसली. "आता आम्ही मरायची घाई करणार नाही, डॉक्टरीणबाई यायची वाट बघू," म्हणाली. सगळे हसले, तूही हसलास, आणि त्या दिवसापासून तू मला डॉक्टरीणबाईच म्हणायला लागलास. जुन्या दवाखान्याच्या जागी आता मासे धरायचे गळ आणि गांडुळं विकतात, तर लोकांनी तरी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात तो घालायचा? मला राग नव्हता आला. खरं सांगू, मला फार आवडलं होतं. तो स्टेथोस्कोप इथं खणात पडलाय, इथली चार वर्षं संपून मेडिकलला जाईपर्यंत तरी त्याचं काही काम नाही, पण अधूनमधून मी काढून घालते, आणि इमानी दिसली की पटकन काढून टाकते.

मग थँक्सगिव्हिंगला घरी आले. टर्की पोटात गेली, आणि बसल्या जागी सगळ्यांनी आपापली दुखणी बाहेर काढली. आर्विडकाका शिकारीचं नारिंगी जाकीट तसंच घालून आला होता, त्यानं पँट वर करून गुडघा माझ्यापुढे धरला. डॅग्नीनं पिशवीभर गोळ्या टेबलावर ओतल्या आणि म्हणाली, यातल्या कुठल्या खाऊ आणि कुठल्या कुत्र्याला घालू? मी चौदा आठवडे रसायन शिकले होते, नेल्स. क्षाराचं द्रावण कसं मोजायचं ते शिकले होते, तेही अर्धवटच. "मला नाही कळत" एवढंच म्हणायचं होतं. पण आई दारात उभी राहून कौतुकानं बघत होती, आणि मी आर्विडकाकाच्या गुडघ्यावर हात ठेवून "किती दिवस झाले?" असं विचारलं. तो सांगायला लागला. मी "हं" म्हटलं. तो आणखी सांगायला लागला. मला कळलं की नुसतं "हं" म्हटलं तरी लोकांना बरं वाटतं, आणि मग मी थांबलेच नाही.

तू मात्र त्या घोळक्यात आला नाहीस. संध्याकाळच्या धारेनंतर दुधाच्या खोलीत मला एकटीला गाठलंस. सदरा खांद्यावरून खाली ओढलास आणि म्हणालास, "डॉक्टरीणबाई, हे जरा बघ. मला दिसत नाही. डांगरीचा पट्टा घासला की रक्त येतं." आणि तोंड भिंतीकडे करून उभा राहिलास. माझ्या हातात बाटली होती, कालवड ढुशा देत होती, दिवा डोक्यामागे होता. मी वाकले, डोळे बारीक केले, बोटानं कडेला दाबलं. म्हटलं, "काही नाही रे, पट्ट्यानं घासलंय. गाईंच्या सडांना लावतोस ते हिरव्या डब्यातलं मलम लाव." तू म्हणालास, "नक्की?" आणि मी म्हटलं, "नक्की." आपल्या घरात ते मलम कशाला लावलं नाही? भेगाळलेले हात, सायकलवरून पडलेले गुडघे, आईचे ओठ. तू लगेच डबा उघडलास.

परत आल्यावर मी रुग्णालयातल्या कामाला गेले. काम कसलं, निळं जाकीट घालून आजारी माणसांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायच्या. मेडिकलला अर्ज करताना असे तास दाखवावे लागतात, म्हणून सगळेच करतात. एका आजोबांना तिसऱ्या मजल्यावर सोडलं आणि लिफ्टची वाट बघत उभी राहिले. तिथं भिंतीवर डागांचे फोटो लावलेत, साधे एका बाजूला, कॅन्सरचे दुसऱ्या बाजूला. आधी मी सहजच बघत होते. मग तुझा डाग त्यात कुठला ते शोधायला लागले, आणि मला आठवेना. कडा गोल होत्या की वेड्यावाकड्या? एकाच रंगाचा होता की दोन? केवढा होता, मसुराएवढा की वाटाण्याएवढा? लिफ्ट आली आणि गेली. मला भिंतीकडे तोंड केलेली तुझी मान आठवत होती, मानेवरचा गवताचा भुसा आठवत होता, डाग काही केल्या आठवेना. कारण मी तो बघितलाच नव्हता, नेल्स. डॉक्टर कसं बघतात ते मी करून दाखवत होते. इतकी लाज वाटली की आजही लिहिताना कान गरम झालेत.

त्या मजल्यावर रूथॅन म्हणून नर्स आहे, आवाज आपल्या आर्विडकाकासारखा. मी तिला विचारलं, एकाचा असा असा डाग आहे, मी बघितला, मला वाटलं घासल्यामुळे असेल. ती हातातलं काम ठेवून म्हणाली, "तू बघितलास? तू कोण गं बघणारी? तू खुर्च्या ढकलतेस." मग ती जरा हळू म्हणाली, "हे बघ, तो डाग काय आहे ते मलाही न बघता सांगता येणार नाही. असेल साधाच. पण रक्त येतं म्हणालीस ना? मग त्याला डॉक्टरकडे पाठव आणि तू तोंड मिटून बस."

मी तोंड मिटून बसले खरी, पण भलतीकडेच. सहा दिवस तुला काही कळवलं नाही. रोज ठरवायचे, आणि रोज वाटायचं की साधंच असेल, उगाच कशाला, तू हसशील. आणि दुसरं असं वाटायचं, हे लिहायलाही लाज वाटते, की सांगितलं तर तू मला परत डॉक्टरीणबाई म्हणणार नाहीस. तेव्हा मार्गदर्शक बाईंचा प्रश्न मला आठवला. मला डॉक्टर व्हायचंय की नुसतं डॉक्टर म्हणवून घ्यायचंय? मला अजून माहीत नाही. विचार करायला बसले की दोन्ही खरं वाटतं.

बाबांचंही सारखं आठवतं. मी दहा वर्षांची होते, वासराला बाटली पाजत होते. गुरांचे डॉक्टर लिंडक्विस्ट गाय तपासायला आले होते. बाबांनी छाती चोळत त्यांना म्हटलं, "आलाच आहात तर माझंही बघा." लिंडक्विस्ट म्हणाले, "मला गाईंचं कळतं. तुमचं नाही कळत. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा." तीस वर्षं डॉक्टर असलेला माणूस, त्याला "नाही कळत" म्हणायला लाज वाटली नाही. बाबा म्हणाले, धार झाली की जातो. पुढचं तुला माहीत आहे. तू बाबांच्या अंत्यविधीला कॉलेज सोडून चार दिवसांसाठी आलास, आणि अजून गोठ्यातच आहेस. या नऊ वर्षांत तू कधी बोलला नाहीस, आणि मीही कधी विचारलं नाही, की ते चार दिवस संपले कधी. तुझ्या जिवावर मी इथं बसून एक्केचाळीस आणि अठ्ठ्याहत्तरचा हिशोब लावते.

आता हे पत्र का, ते सांगते. काल आईचा फोन आला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "बरं झालं बाई, तू नेल्सचा खांदा बघितलास. त्यानं तालुक्याच्या दवाखान्यात वेळ घेऊन ठेवली होती, तू सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी रद्द केली. पन्नास मैलांचा हेलपाटा वाचला. घरचा डॉक्टर असल्याचा हाच फायदा." नेल्स, तू वेळ घेतली होतीस! जन्मात कधी दवाखान्याची पायरी न चढणारा तू, स्वतःहून फोन केला होतास, म्हणजे तुला आत कुठेतरी भीती वाटली असणार. आणि मी एका "नक्की"नं तुला गोठ्यात परत पाठवलं. मी आईचा फोन ठेवला आणि लगेच दवाखान्याला लावला, तुझं नाव आणि जन्मतारीख सांगितली. मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी सव्वाआठची वेळ मिळाली आहे. धारेचं कारण सांगू नकोस. मी सोमवारी संध्याकाळच्या बसनं येते, मंगळवारची धार मी काढते. बुधवारी माझी रसायनाची शेवटची परीक्षा आहे, मंगळवारी दुपारच्या बसनं परत जाईन. मी तुझ्यासाठी येतेय की रसायनापासून पळतेय, ते विचारू नकोस, मलाच कळत नाहीये. पण गर्टी गाईला आधी डावीकडून मशीन लावलेलं चालत नाही, आणि कोपऱ्यातली तांबडी लाथ मारते, हे मला माहीत आहे, आणि तेवढं मला खरंच येतं. दवाखान्यात एक कागद भरायला देतील. त्यात विचारतील, हे याआधी कोणी तपासलं आहे का? तिथं "नाही" लिही. माझी आठवण काढून हसू नकोस, भीड धरू नकोस. कोणी तपासलेलं नाही.

तुझीच,
ब्रिटा
(नुसती ब्रिटा)