आतडं काढायच्या आधी

प्रिय एलिसियो,

हे पत्र तुला जोमार देईल. पुढच्या आठवड्यात तो सिंगापूरला तुझ्या जहाजावर चढतोय. नानायने, तुझ्या आईने, त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी सुके मासेही कोंबलेत. फोनवर मला हे जमलं नसतं. तू "थोडं थांब" म्हणतोस आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवते.

आधी घरचं सांगते. आपल्या शाइराचा पुढचा दात पडला. वादळात उडालेला पत्रा बसवून झाला. नानायचा गुडघा सुजलाय, तरी माझ्या चादरी तीच धुते. मी बादलीकडे गेले की म्हणते, "बस गं पोरी. तू काय चादर पिळणार, चादरच तुला पिळेल." मी हसते. मग ती पाठ करून रक्ताचे डाग घासत बसते. ती रडतेय हे मला तिच्या पाठीवरून कळतं.

तू मला पहिल्यांदा पाहिलंस ते एस्तान्सियाच्या बाजारात, बाचोयच्या गाडीवर. मी उभ्याउभ्या बाचोयचे दोन वाडगे, रस्सा शेवयांसकट, संपवत होते. तू मित्राला म्हणालास, "हिचं पोट खलाशाचं आहे." मी ऐकलं होतं. त्याच पोटात आता भाताची पेज गेली तरी मी धास्तावते. पोटात पीळ पडतो आणि संडासाच्या दारापर्यंत पोचायच्या आत सगळं, रक्तासकट, होऊन जातं. चर्चमध्ये मी दाराजवळच्या बाकावर बसते. इलोइलोला इस्पितळात जाताना बसमध्ये मोठ्यांचं डायपर घालून बसते आणि वास येतोय का म्हणून शेजारणीचं तोंड बघत राहते. गोळ्यांनी चेहरा असा फुगलाय की भाजीवाली विचारते, "गोड बातमी का गं?" तुला व्हिडिओवर मी गालापर्यंत ओढणी घेतलेली दिसते, ती थंडीमुळे नसते.

शाळेच्या कार्यक्रमात शाइरा नाचली. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी शाळेच्या संडासात होते. बाहेर आले तर टाळ्या संपत आल्या होत्या. घरी येताना तिने विचारलं, "आई, मी कशी नाचले?" मी म्हटलं, छान. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "असू दे. पुढच्या वर्षी बघ." सात वर्षांची पोर माझी समजूत घालत होती, एलिसियो. त्या दिवसापासून मला मरावंसं वाटायला लागलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

इस्पितळात ठेवून दिलेलं नवं इंजेक्शनही लागू पडलं नाही. डॉक्टर विल्यारुझ बाई माझ्या खाटेवर बसून म्हणाल्या, "औषधांनी करायचं ते करून झालं. मोठं आतडं कागदासारखं पातळ झालंय. आज आपण ठरवून काढू शकतो. ते फुटलं, तर ठरवायला वेळ मिळणार नाही." त्याच दिवशी मी तुला फोन केला. मोठं आतडं काढतील, पोटाला एक भोक ठेवतील, त्यावर शी साठायला पिशवी. तू विचारलंस, "कायमची?" मी म्हटलं, पुढे आणखी एक ऑपरेशन करून कदाचित निघेल, पण खात्री देत नाहीत. त्यानंतर कितीतरी वेळ मला नुसती इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग तू म्हणालास, "मी येईपर्यंत थांब. इतके दिवस काढलेस ना." तुझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला कळलं. माझ्याही तेच आलं होतं, रात्री आपल्या दोघांमध्ये ती पिशवी.

नंतर वॉर्डात अंपारो भेटली. शाळेत खेळाची शिक्षिका, तपासणीला आली होती. तिने सरळ सदरा वर केला. "बघ. हात लाव, चावत नाही." मी हात लावला. पिशवी कोमट होती. खूप घाण वाटेल असं धरून चालले होते, तसं काही वाटलं नाही. पहिले महिने कसे गेले विचारलं तर म्हणाली, "वाईट. गळायची, कातडी सोलून निघायची, आरशात बघत नव्हते. पण घराबाहेर पडत होते." मग तिने विचारलं, "नवरा काय म्हणतो?" मी म्हटलं, थांब म्हणतो. "त्याला स्वतःचं पोट आहे ना? मग ते थांबव म्हणावं." बाजूच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा हसली.

मी हो म्हटलंय. येत्या मंगळवारी सकाळी ऑपरेशनला नेतील. तू हे वाचशील तेव्हा सगळं झालेलं असेल, एक तर बरं किंवा वाईट. अंगात रक्त कमी आहे, धोका आहे, हे डॉक्टर बाईंनी लपवलं नाही. नानायला सांगितलंय. "एलिसियोला मी बघून घेते," म्हणाली. मी राहिले, तर तू घरी येशील तेव्हा माझ्या पोटावर ती पिशवी असेल. तुला किळस आली तर आली म्हण, पण माझ्यासमोर म्हण, नुसता गप्प राहू नकोस. तुझी परवानगी मागायला मी हे लिहिलेलं नाही. मला खूप भीती वाटतेय, एलिसियो. नानायसमोर, शाइरासमोर मी धीट बाई होऊन हिंडतेय. भीती वाटते हे सांगायला मला तुझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून लिहिलं.

तुझीच,
ज्युवी