मोताळा ते जानेफळ, दोन होड्या

मोताळा,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय पूनम,

तुझी राखी पोचली होती. ती पोचल्याच्या दोन ओळीसुद्धा मी तुला कळवल्या नाहीत. दिवाळीला फोन लावला, तोही आईच्या हातात देऊन मी अंगणात जाऊन उभा राहिलो. सव्वा वर्ष झालं, तुला मी काही लिहिलेलं नाही. माफ कर. कामं फार होती असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं; कामं काही एवढी नव्हती. तुझ्याशी बोलायची मला भीती वाटते, हे खरं. ती का वाटते ते याच पत्रात लिहिणार आहे, पण एकदम तिथून सुरुवात केली तर हात अडेल, म्हणून आधी कालचं सांगतो.

आपल्या दोन्ही होड्यांना गिऱ्हाईक मिळालं. जानेफळचा गजेंद्र म्हणून एक शेतकरी आहे, त्याने शेततळ्याकाठी झोपड्या बांधून शहरातल्या लोकांसाठी राहण्या-जेवणाची सोय केली आहे. त्याला पोरांसाठी कयाक, अशाच वल्ह्याच्या छोट्या होड्या, हव्या होत्या. तू त्या शेवटच्या पाहिल्यास तेव्हा धरणावर होत्या. नंतर मी त्या आपल्या गोदामात सोयाबीनच्या पोत्यांमागे उलट्या घालून ठेवल्या. आई त्या बाजूला जातच नाही. झाडायचं झालं तरी पोत्यांपर्यंत झाडते आणि परत फिरते. नारिंगीवर धूळ बसली होती. निळीवरही बसली असणार, पण मी निळीकडे नीट पाहत नसे. हर्षल रोज पहाटे जी घेऊन जायचा ती निळी.

प्रेमानंदची पिकअप सांगितली होती. तू त्याला ओळखतेस, बसस्टँडवर रसवंती होती त्यांचा मधला. रस्त्यात ओरखडे पडू नयेत असं गजेंद्रचं म्हणणं होतं, म्हणून मंडपवाल्याकडून जुनी पांढरी बिछायत आणली आणि दोन्ही होड्या तिच्यात गुंडाळून सुतळीने तीन-तीन ठिकाणी बांधल्या. पिकअपच्या हौदाबाहेर टोकं हातभर निघत होती, त्यांना नियमाप्रमाणे लाल फडकं लावलं. हे करताना ते कसं दिसेल हा विचार आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नाही. नारिंगी दोघांनी सहज उचलली. निळी उचलताना प्रेमानंदने ती अर्ध्यातूनच खाली ठेवली. म्हणाला, "भाऊ, दोन्ही एकाच मापाच्या ना? मंग हे एवढी जड काऊन?" मी म्हटलं, हिचं प्लास्टिक जाड आहे. कालचं माझं पहिलं खोटं. शेजारच्या दोघांना हाक मारली, तेव्हा ती हौदात चढली.

मोताळ्याबाहेर पडेपर्यंत गाणी चालू होती. राजूर घाट लागला आणि पहिल्या वळणावर मागून आवाज आला. गडगड म्हणावी तर तशी नाही, खळखळही नाही. गाडी डावीकडे वळली की थोडा वेळ काहीच नाही, आणि गाडी सरळ झाल्यावर आतून काहीतरी सावकाश उजवीकडे सरकायचं. प्रत्येक वळणाला आवाज गाडीच्या मागून यायचा, जागेपणी कूस बदलणाऱ्या माणसासारखा. प्रेमानंदने गाणी बंद केली. दोन वळणं ऐकलं आणि आरशात पाहत म्हणाला, "भाऊ, बसलं तं नाही ना कोणी मांगं?" मी हसायचा प्रयत्न केला. त्याने पुन्हा गाणी लावली नाहीत.

बुलढाण्यात शिरलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याला कोणी हॉर्न देत नाही. एरवी त्या चौकात पिकअपला कोण विचारतं? काल एक ट्रकवाला थांबला आणि हाताने 'जा' म्हणाला. मोटरसायकलवरच्या एकाने डोक्यावरची टोपी काढली. शाळेतून सुटलेल्या मुली फुटपाथवर थांबल्या, त्यातल्या मोठीने धाकटीचं तोंड आपल्या ओढणीत दाबलं. प्रेमानंदला माझ्या आधी कळलं होतं. "सांगत नोतो भाऊ," तो म्हणाला, "लोकायले दोन मढे वाटून राह्यले." काच खाली करून ओरडून सांगावं, अहो, होड्या आहेत, असं मला दोनदा वाटलं. दोनदाही मी काच खाली केली नाही. का केली नाही, याचा विचार काल रात्रीपासून करतो आहे. मला वाटतं, लोक हात जोडत होते ते मला बरं वाटत होतं. हर्षलला आपल्याकडे कोणी नीट हात जोडले नव्हते, पूनम. तुला आठवत असेल, तेराव्यालासुद्धा माणसं कुजबुजत होती.

चिखलीच्या पुढे एका गावाबाहेर दोर सैल झाला. कडेला लिंबाखाली दगडी ओटा होता, सावली पाहून प्रेमानंदने गाडी तिथेच लावली. तो ओटा कसला आहे हे उतरल्यावर दिसलं: त्यावर ठिकठिकाणी तांदळाचे दाणे आणि गुलाल. मसणवटीच्या वाटेवरचा विसावा होता तो, तिरडी अर्ध्या वाटेत टेकवतात आणि पुढचे खांदेकरी मागे होतात, तो. आमच्या हातून एवढी चूक झाली आणि गावाने ती खरी मानली. आम्ही दोर ओढतोय तोवर सात-आठ माणसं मुकाट्याने येऊन उभी राहिली. एकाने चपला काढल्या. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला, त्याला सगळे आबा म्हणत होते. "कोणत्या गावचे?" मी मोताळा सांगितलं. "दोघंई एकाच घरचे काय?"  त्याने माझी मान हलण्याची वाट पाहिली नाही, सरळ दोन्ही पांढऱ्या गुंडाळ्यांवर एकेक हात ठेवला आणि निळी जराशी हलवून पाहिली. आत काहीतरी हललं. आबा म्हणाला, "हा जड हाये. याचं काही तरी आयकाचं राह्यलं हाये. इथं टेकवलाच हाये तं कानात सांगून टाक, मंग हलका होते. आमच्या बापापासून असंच हाये."

प्रेमानंदला राहवेना. त्याने बिछायतीचं टोक सोडून निळं प्लास्टिक दाखवलं, म्हणाला, "आबा, होड्या हाये होड्या! पाण्यात चालवाच्या." मग जे हसू फुटलं! "आबानं होडीले रामराम घातला बे!" "चपला घाल ना रे बाबूराव, होडीचं सुतक धरतं का?" "चिखलीत समुद्र येऊन राह्यला वाटते, आमदारानं सांगतलं नाही." मीही हसलो, खूप दिवसांनी मोठ्याने. एकटा आबा हसला नाही. त्याने वाकून होडीला कान लावला, मघाशी लावला असता तसाच, आणि बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आत पाणी हाये. कोणत्या पाण्याचं हाये थे तुले मालूम हाये." एवढं बोलून तो गावाकडे गेला. प्रेमानंदने दोर आवळला. 

गजेंद्र माणूस चांगला वाटला. त्याच्या आईने, अन्नपूर्णाबाईंनी, आल्याआल्या चहा दिला. त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी तळ्याच्या काठावर उड्या मारत होती, "मी निळीत बसीन, मी निळीत." हर्षल गेला तेव्हा तुझी छकुली याच वयाची होती. गजेंद्र निळीचं टोक पकडून म्हणाला, चला, पोरीले एक चक्कर मारून आणू. आणि तेव्हा मी म्हणालो, थांबा.

या होड्या आतून पोकळ असतात, पाण्याच्या टाकीसारख्या. मागच्या टोकाला बोटभर भोक असतं आणि त्याला आट्यांचं बूच. मी निळी टोकाकडे कलती करून बूच फिरवलं. चार आटे. पाणी लगेच आलं नाही. आधी हवा आली, लांब, कोंडलेली, आणि तिला धरणाचा वास होता, त्या पहाटेच्या काठाचा. मग पाणी आलं, काळसर हिरवं. ते एकसारखं वाहत नव्हतं. यायचं, थांबायचं, आत हवा ओढायचं आणि पुन्हा यायचं. गजेंद्रच्या मुलीने उड्या मारणं थांबवलं. अर्धा तास लागला असेल. गजेंद्रने विचारलं, हे पाणी कुठचं? मी म्हटलं, आमच्या धरणाचं. "कवाचं?" मी म्हटलं, बावीस महिन्यांपूर्वीचं. प्रेमानंद माझ्याकडे बघत होता. मग त्याने नजर काढून घेतली, आणि ते जास्त वाईट होतं.

आता ते लिहितो. धरणावर आमची कामं वाटून घेतलेली होती. लोकांशी बोलणं, त्यांना वल्हं शिकवणं, पहाटे एक चक्कर मारून पाणी पाहणं हे हर्षलचं. धुणं, पुसणं आणि संध्याकाळी बूच काढून होड्या निथळायला ठेवणं, सकाळी तो येण्याआधी बूच लावणं, हे माझं. तो बूच कधीच पाहत नसे, कारण ते माझं काम होतं आणि मी माझी कामं चुकवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १८ जानेवारीच्या संध्याकाळी मी दोन्ही बुचं काढून शर्टाच्या खिशात टाकली. १९ ला सहाला काठावर असायला हवं होतं. मी घरी टेबलाशी बसून आदल्या दिवसाची डायरी पूर्ण करत होतो. एक परिच्छेद मनासारखा जमत नव्हता. पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि निळी जागेवर नव्हती. धुकं होतं. मी हाका मारल्या. पोकळीत पाणी भरत गेलं की होडीचा तोल जातो, एकदम नाही, हळूहळू, माणूस मधोमध पोचेपर्यंत. कितीही चांगला पोहणारा असो, जानेवारीतलं पाणी आणि दोन्ही काठ अर्धा-अर्धा किलोमीटर.

दहाच्या सुमाराला कोळ्यांना होडी सापडली, उपडी. ती काठाला ओढली, ते हर्षलला शोधायला परत फिरले, आणि पोलीस यायच्या आधी मी खिशातलं बूच काढून त्या भोकात फिरवलं. घाबरून केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण हात थरथरला नव्हता. पंचनाम्यात आलं, 'नाव सुस्थितीत'. लाइफ जॅकेट तो कधी घालत नसे, ते काठावरच होतं. चांगल्या होडीतून, शांत पाण्यात, पट्टीचा पोहणारा बुडाला, मग गावाने जो अर्थ काढायचा तो काढला: जीव दिला. नंतर कधीही ते पाणी सोडता आलं असतं. मी हात लावला नाही. माझ्या डायरीत त्या तारखेला एवढंच आहे: 'धुकं. हर्षल गेला.' मी रोज खरं लिहितो असं समजणाऱ्या माणसाची ही डायरी.

निळी मी गजेंद्रला दिली नाही. नारिंगी ठेवून, निळी रिकामी करून, उलटी झटकून, परत घेऊन निघालो. दोघांनीच उचलली, हलकी होती. उन्हं उतरता उतरता घाट लागला, आणि पहिल्याच वळणावर मागे कोणीतरी कूस बदलली. प्रेमानंदने गाडी अगदी हळू केली. "भाऊ, पाणी तं सारं काहाडलं ना आपुन?" मी हो म्हटलं. "मंग?" मी त्याला गाडी थांबवायला सांगितलं. खाली उतरलो, त्या भोकाला तोंड लावलं आणि आबाने सांगितलं तसं सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तेवढंच. पुढच्या वळणावर आवाज आलाच. शेवटच्या वळणापर्यंत येत राहिला. मी सांगितलं त्यात हर्षलला नवीन काही नव्हतं, पूनम, त्याला ते पाण्यात असतानाच कळलं असणार.

तेराव्याच्या दुपारी मागच्या अंगणात तू मला एकट्याला सांगितलंस की आदल्या रात्री तुमचं भांडण झालं होतं आणि तू त्याला म्हणाली होतीस, "एवढा जीव आहे त्या पाण्यावर, तर तिथंच जाऊन राहा." म्हणालीस, "दादा, मी पाठवलं त्याला." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, तसं काही नसतं गं. बूच माझ्याच हाताने लावलेलं होतं आणि मी एवढंच म्हटलं. तुझ्या सासूने, झुंबरबाईंनी, तेच वाक्य कुठूनतरी ऐकलं आणि रोहिणखेडचं दार तुला आणि छकुलीला बंद केलं. तू अकोल्याला खोली घेऊन राहिलीस, आणि मी तेव्हाही गप्प होतो. म्हणून हे पत्र. तू त्याला पाठवलं नाहीस. तो रोजच्यासारखा गेला, रागाने गेला असेल तरी संध्याकाळी परत येणार होता. मी बूच लावलं नव्हतं. मला माफ कर असं इथे लिहीत नाही. ते सुरुवातीला लिहिलं, ते फक्त न लिहिलेल्या पत्रांबद्दल होतं. पोलिसांत लेखी द्यायचं ते देईन. पण त्याआधी हे पत्र टाकेन, आणि पेटीतून ते परत काढता येणार नाही म्हणजे पुढचं टाळताही येणार नाही.

तुझाच,
शेखरदादा

उद्या: रोहिणखेडला जाणे. झुंबरबाईंच्या दारात, त्यांनी बसा म्हणायच्या आधी, उभ्यानेच सांगणे.