ओहोटीतले दोन तास

पप्पा, काल रविवारी उपासना संपल्यावर मी घरी न जाता मोरा बंदरावर गेले. तुम्ही गेल्याला नऊ वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी तिकडे पहिल्यांदाच गेले. मुद्दाम ओहोटीची वेळ बघून गेले. पाणी लांब मागे हटलं होतं, चिखल उघडा पडला होता. तुम्ही तिकिटं द्यायचात त्या खिडकीवर पाटी होती, पाणी आल्यावर लाँच सुटेल. किती वाजता, ते लिहिलेलं नव्हतं. तुम्हीही कधी लिहीत नव्हतात.

लहानपणी मी शाळेतून थेट तिथे यायचे. ओहोटीत दोन-दोन तास लाँच धक्क्याला लागायची नाही. बाकीचे लोक डुलकी काढायचे. तुम्ही खिडकी बंद करून बाहेरच्या बाकावर बसायचात आणि खोळंबलेल्या कोळणींना अर्ज लिहून द्यायचात. रेशनकार्डात नाव घालायचा अर्ज, पोराच्या दाखल्याचा अर्ज, मुंबईतल्या बहिणीला पत्र. एक मावशी टोपली बाजूला सारून तुमच्यासमोर बसायची आणि चिडवायची, "मास्तर, सगल्यांना वेल देता, तुमच्या देवानं तुमाला जास्तीचा दिलाय का?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "जास्तीचा नाही मावशी, तुम्हाला दिलाय तेवढाच. पण तो माझा नाही ना." "मंग कोनाचा हाय?" "ज्याचा आहे तो एक दिवस विचारेल, काय केलंस त्याचं? तेव्हा झोपलो होतो म्हणून सांगू?" "सांगा की, मास्तर दमला व्हता!" सगळ्या बाया हसायच्या, तुम्हीही हसायचात, आणि पेन चालूच असायचं.

त्यातल्याच एका वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. घर बंदरापासून दहा मिनिटांवर. मी दप्तर टाकून तिच्याजवळ बसले की ती विचारायची, "तुझ्या पप्पांची ओहोटी आपल्या घरी कधी येणार गं?" मला ती गंमत वाटायची. तिला बरं वाटावं म्हणून मी मोठ्याने हसायचे.

आई त्या आजारातून उठली नाही. पुढे तुम्ही रिटायर होऊन ऐरोलीला आमच्याकडे राहायला आलात. माझ्या ऑफिसात दर पंधरा मिनिटांचं काम नोंदवावं लागतं. ती सवय मी घरी आणली होती. फ्रिजवर तुमचा तक्ता लावला होता. गोळ्या, फेरी, नाश्ता, शास्त्रवाचन. तुम्ही तो तक्रार न करता पाळलात. एकदाच म्हणालात, "बेटा, रविवारी जरा माझ्याजवळ बसत जा. काम काही नाही." मी तक्त्यात लिहिलं, रविवार, चार ते साडेचार, पप्पा. मोबाइलमध्ये गजर लावला. तुम्ही चष्मा लावून ते वाचलंत. "रविवार म्हणजे उरलासुरला दिवस नाही गं. आठवडा त्याच्यापासून सुरू होतो." तेवढंच. तुमचं रागावणं नेहमी असंच असायचं, आवाज न चढवता. मी म्हणाले, "पप्पा, अर्धा तास खूप असतो."

आणि मग तो रविवार. आपण बाल्कनीत बसलोय. तुमच्या हातातला चहा गार होतोय, समोर खाडी आहे, तिचंही पाणी उतरलेलं. तुम्ही कप कठड्यावर ठेवता. मग म्हणता, "तुझी आई आजारी होती ना, तेव्हा एका ओहोटीला मी..." आणि गजर वाजतो. तुम्ही थांबता. मोबाइलकडे बघता, माझ्याकडे बघता. "जा, तुझी वेळ झाली." मी म्हणते, "पुढच्या रविवारी सांगा हं." पुढच्या रविवारी तुम्ही चर्चमधल्या वाजवायच्या नव्या पेटीबद्दल बोललात. मी विचारलं नाही. त्यानंतर तुम्ही तीन महिने होतात, म्हणजे बारा रविवार, आणि मी एकदाही विचारलं नाही.

ते वाक्य मी किती वेळा पूर्ण केलं असेल. कधी तुम्ही खिडकी बंद करून धावत घरी येता आणि आईचा हात धरून बसता. कधी तुम्ही बाकावरच बसून राहता, कुणाचा तरी अर्ज लिहीत, आणि ती वाट बघते. दोन्ही वाक्यं मला तुमच्याच आवाजात ऐकू येतात. पाळकसाहेब सांगतात की देवाघरी घाई नाही, काळ संपत नाही. तुमचा त्यावर पूर्ण विश्वास होता. माझाही आहे, बहुतेक दिवस. तिथे तुम्ही ते वाक्य पुरं कराल. पण पप्पा, मला ते इथे ऐकायचं होतं.

काल बाकावर एक म्हातारी कोळीण शेजारी येऊन बसली. "कोनाची वाट बगतेस गो?" मी म्हणाले, "पाण्याची." "येल ना. बस." मग तिने गुडघ्यांचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, सून मासळी नीट साफ करत नाही तेही सांगितलं. मी ऐकत होते. साडेचारला पिशवीत गजर वाजला. तो मी अजून काढलेला नाही, घरी विचारलं तर गोळीची आठवण म्हणून सांगते. "फोन वाजतोय तुजा," ती म्हणाली. "वाजू दे. तुम्ही बोला." ती बोलत राहिली, आणि पाणी हळूहळू धक्क्याकडे येऊ लागलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या रविवारी गजर झाला तेव्हा मला कुठेही जायचं नव्हतं. आत जाऊन मी ओट्यापाशी उभी राहिले आणि डबे पुसले. डबे स्वच्छच होते.